‘हो जाएगा, मॅडम’ म्हणणाऱ्यांपासून सावध

जबलपूरच्या ग्वारीघाटातल्या घरातलं उबुंटू मशीन नागपुरात बसून चालवायचं, काम एवढंच होतं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. २०१५ मध्ये जबलपूरहून नैनपूरला जाणारी छोटी लाइन बंद झाली, तेव्हापासून ते तिची वेळापत्रकं, तिकिटं, फोटो मिळतील तिथून आणून स्कॅन करतात. फायली एवढ्या अवजड की त्या मागवून घेण्यापेक्षा तिथल्या तिथे साफसूफ केलेल्या बऱ्या. सगळं मीच केलं असतं. पण राउटरचा पासवर्ड नेट देणाऱ्या दुकानदाराकडे, आणि तो काही केल्या देईना. म्हणून त्याचा ‘लिनक्स एक्स्पर्ट’ घरी आला.

मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, व्हीएनसी उघड्यावर ठेवायचं नाही, एसएसएचच्या बोगद्यातून न्यायचं. त्यानं माझ्याकडे न बघता बाबांना सांगितलं, “अंकल, मॅडम टेन्शन बहुत लेती हैं.” मग वेलँड बंद केलं, एक्स११व्हीएनसी बसवलं, मी दिलेला लांबलचक पासवर्ड टाकला. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डाची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात, बाकीची गळून जातात. हे त्याला ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. शेवटी स्वतःच्या मोबाइलवर आमचा डेस्कटॉप उघडून दाखवला. “देखिए, चल गया.” मोबाइल आमच्याच वायफायवर होता!

नागपुरातून अर्थातच काही चालेना. राउटरला मिळालेला आयपी १०० नं सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून नेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेला आहे. एका बाहेरच्या पत्त्यामागे कितीतरी गिऱ्हाइकं बसवलेली असतात. तिथे राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचा माणूस दारापर्यंत पोचतच नाही. हे सांगायला एक्स्पर्टला कितीतरी फोन करावे लागले, आणि त्यावरचा त्याचा उपाय म्हणजे वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन स्टॅटिक आयपी. तो घेतल्यावर व्हीएनसीचा ५९०० पोर्ट त्यानं अख्ख्या जगाला उघडून दिला. मी पुन्हा विचारलं, बोगद्याचं काय? “लिनक्स में वायरस आता ही नहीं, मॅडम.”

मग एका दुपारी बाबांचा फोन. “अगं, जरा हळू चालव, बाण फार पळतोय.” माझा लॅपटॉप बॅगेत होता, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये. मी म्हटलं, बाबा, मी नाहीये. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते वाचून दाखवू लागले: काळी खिडकी उघडली, तिच्यात आपोआप अक्षरं उमटताहेत, खिडकी मिटली. मी ओरडले, वायर काढा! त्यांनी मॉनिटरची वायर काढली. “बंद झालं,” म्हणाले. पण डब्याचा पंखा घोंघावत होता, तो मला फोनवरही ऐकू येत होता. राउटरचं बटण बंद करेपर्यंत माझ्या हातातला घास तसाच.

एक्स्पर्टला फोन केला तर म्हणे, “आपने किसी को पासवर्ड दे दिया होगा.” याला काय म्हणावं? ५९०० सारखे ठरलेले पोर्ट इंटरनेटवर चोवीस तास चाचपले जातात. त्यासाठी कोणाला ग्वारीघाट कुठे आहे हे माहीत असावं लागत नाही. नंतर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून पाहिलं, तर क्रॉनटॅबमध्ये सिस्टमचं नाव धारण केलेला एक प्रोग्राम बसलेला. आमच्या विजेवर क्रिप्टोचं खाणकाम चाललं होतं. स्कॅनची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर होती म्हणून निभावलं. मशीन पुसून उबुंटू नव्यानं टाकलं.

तेव्हा ऐका. बसवणारा घरात असतानाच वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडून बघा, आणि मगच पैसे द्या. स्टॅटिक आयपीच्या भानगडीत पडू नका. टेलस्केलसारखं, वायरगार्डवर चालणारं काही दोन्ही मशीनवर टाका. जोडणी आतून बाहेर जाते, राउटरला हात लावावा लागत नाही. टेलस्केलही आपल्या मशीनना १०० नंच सुरू होणारे पत्ते देतं, ते बघून दचकू नका. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त त्याच जाळ्यासाठी खुला ठेवा.

उबुंटू २४.०४ च्या सेटिंग्जमध्ये दोन पर्याय दिसतील. डेस्कटॉप शेअरिंगला घरी कोणीतरी लॉगिन केलेलं लागतं, आणि ऑटो-लॉगिन ठेवलं तर कीरिंग कुलूपबंद राहते, त्यामुळे वीज जाऊन आली की पासवर्ड चालत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे हे नेहमीचं. म्हणून रिमोट लॉगिन निवडा, बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं ठेवा आणि सस्पेंड बंद करा. एक्सआरडीपी वापरत असाल तर घरच्या पडद्यावर त्याच नावानं लॉगिन राहू देऊ नका, नाहीतर काळा पडदा बघत बसाल. बाकी अपडेट, बॅकअप, बरा पासवर्ड, हे सगळेच सांगतात.

स्टॅटिक आयपीचे पैसे दुकानदाराकडे परत मागितले, तर प्लॅन वार्षिक आहे म्हणे. राउटरचा पासवर्डही अजून त्याच्याचकडे, ‘कंपनी पॉलिसी’. म्हणून त्याच्या राउटरमागे आम्ही आमचा दुसरा लावलाय आणि मशीन त्याला जोडलंय. त्याचा पासवर्ड बाबांच्या डायरीत आहे.