गुडघेदुखी : व्यायाम हीच पहिली गुंतवणूक

लखनौची चिकनकारी मुख्यत्वे स्त्रियांच्या हातांवर चालते. घरोघरी जमिनीवर पाय दुमडून तासन्‌तास भरतकाम करणाऱ्या या असंघटित कारागिरांना भरपगारी रजा नसते. पन्नाशीच्या सुमारास गुडघे दुखू लागले की कामाचे तास घटतात व त्याबरोबर मिळकतही घटते. गुडघेदुखी हा म्हणूनच केवळ वैद्यकीय नव्हे, तर उपजीविकेचाही प्रश्न आहे.

झिजलेल्या गुडघ्याला विश्रांतीच हवी, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हालचालीमुळे सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते. दीर्घ विश्रांतीने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि सांध्यावरील ताण वाढतो. व्यायामाने झीज भरून निघत नाही. मात्र वेदना काही प्रमाणात कमी होतात व उठण्या-बसण्याची क्षमता सुधारते. वजन अधिक असल्यास ते घटवणेही हितावह ठरते.

सुरुवात साधी असावी. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच सेकंद धरून खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा हे करावे. सपाट जागी चालण्याचा वेळ हळूहळू वाढवावा. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकल्यास प्रमाण कमी करावे. सांधा सुजल्यास, अडकल्यास किंवा ताप आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शासनाने शस्त्रक्रियेचा भार हलका केला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण ७० वर्षे व त्यावरील सर्वांना लागू झाले. परंतु हे विमा संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित आहे. व्यायामाचे मार्गदर्शन बाह्यरुग्ण सेवेत मोडते. परिणामी अखेरच्या उपायाला आर्थिक आधार मिळतो, पहिला उपाय मात्र रुग्णाच्या ऐपतीवर राहतो.

२१ जून २०१७ रोजी आंतरराष्ट्रीय योग दिनाचा मुख्य सोहळा लखनौच्या रमाबाई आंबेडकर मैदानावर झाला. त्या एका दिवसाच्या उत्साहाला नियमिततेची जोड हवी. वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा सामूहिक व्यायामवर्ग भरवता येतील. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. खुर्च्या, मोकळी जागा व सातत्य पुरेसे आहे. कष्टकऱ्यांची कार्यक्षम वर्षे वाढवणारा हा खर्च, खऱ्या अर्थाने गुंतवणूकच होय.