खराब नाण्यांचे मोल कसे ठरवावे?

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर येथे २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. आज ही दाट वस्तीची नगरी असली तरी घोडबंदरचा किल्ला, चौकचा धारावी किल्ला आणि भाईंदरची मिठागरे तिच्या जुन्या इतिहासाची साक्ष देतात. १५३४ पासून हा वसई प्रांत पोर्तुगीजांकडे होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने तो मराठ्यांकडे आला आणि पुढे इंग्रजी अंमल सुरू झाला. अशा भूमीत पाया खणताना किंवा जुन्या पेटीत निरनिराळ्या राजवटींची नाणी हाती आल्यास नवल नाही. ती बहुधा झिजलेली, भोक पडलेली वा गंजलेली असतात. परिणामी त्यांना मोडीत काढले जाते, नाही तर घासून लखलखीत केले जाते. या दोन्ही मार्गांनी हानीच होते.

दोष की मूळ घडण?

नाण्यातील उणीव टांकसाळीतील आहे की नंतरची, हे प्रथम पाहावे. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. पुष्कळ शिवरायांवर ती अपुरी दिसतात. धातूची चकती छापापेक्षा लहान असल्याने काही अक्षरे चकतीबाहेर राहत. ही मोडतोड नव्हे. उलट, उमटलेल्या अक्षरांची ठेवण पाहून अभ्यासक नाण्याचा प्रकार ठरवितात.

नंतरच्या हानीचे प्रकार

वापराने आलेली झीज स्वाभाविक असून तिच्या प्रमाणात किंमत उतरते. माळेत ओवण्यासाठी पाडलेले भोक, डाग देऊन बसविलेली कडी आणि कातरलेली कड यांनी किंमत अधिक घसरते. १८६२ सालचा राणीछाप रुपया विपुल प्रमाणात मिळतो. तो भोक पाडलेला असल्यास त्याचे मोल बव्हंशी चांदीपुरतेच उरते. या रुपयाचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम असून त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. याउलट, १९३९ सालचा रुपया दुर्मिळ असल्याने झिजलेल्या स्थितीतही त्यास मागणी असते. मात्र दुर्मिळ नाण्यांच्या नकलाही होतात. म्हणून वजन, कड आणि सालाचे आकडे जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

दोषच पुरावा ठरतो तेव्हा

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. त्यामुळे नहपानाचा मुखवटा विद्रूप झाला. परंतु सातवाहनांच्या विजयाचा तोच ठळक पुरावा ठरला. ही नाणी घासून वा वितळवून टाकली गेली असती, तर तो पुरावा कायमचा नाहीसा झाला असता.

स्वच्छतेचा मोह

तांब्यावरील घट्ट, गुळगुळीत, तपकिरी वा हिरवा थर नाण्याचे संरक्षण करतो. चिंच, लिंबू, राख किंवा विटेच्या भुकटीने तो थर जातो, त्यासोबत अक्षरांच्या कडाही जातात. असे चकचकीत नाणे संग्राहक कमी किमतीस घेतात. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी ठिपके मात्र धोक्याची खूण होय. मिठातील क्लोराईड आणि दमट हवा यांमुळे हा गंज आतवर पसरतो. खाडीकाठच्या भागात त्याची विशेष भीती असते. असे नाणे वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे आणि संग्रहालयातील तज्ज्ञांस दाखवावे. नाणे नेहमी कडेने धरावे.

कायद्याची बाजू

जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांस लेखी खबर देणे बंधनकारक आहे. तीत ठेव्याचे स्वरूप, अंदाजे मोल, जागा व दिनांक नमूद करावा लागतो. खबर न देणाऱ्याचा हिस्सा शासनजमा होतो, शिवाय तो शिक्षेसही पात्र ठरतो.

नाणी कोणत्या जागी, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाली याची नोंद झाली, तर तुटक्या नाण्यासही इतिहासात स्थान मिळते. पंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांनी ही माहिती खोदकाम करणाऱ्यांपर्यंत आणि विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्यास पुष्कळसा ठेवा वाचेल.