पहिला सागरप्रवास

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, जोग नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, आंजर्ले हे गाव वसलेले आहे. गावाजवळच्या टेकडीवर ‘कड्यावरचा गणपती’ या नावाने प्रसिद्ध असलेले देवालय आहे. तेथे उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, खाडीचे मुख, पलीकडचे हर्णै बंदर आणि पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग असा सारा देखावा एकाच वेळी दृष्टीस पडतो.

आज आंजर्ल्याहून मुंबईस जाणारा मनुष्य मोटारीने जातो. परंतु विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे येथील लोकांचा मुंबईचा रस्ता समुद्रावरूनच होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस जात आणि वाटेतील बंदरे घेत. हर्णै हे त्यांपैकी एक बंदर होय. आंजर्ल्याचा प्रवासी तरीने खाडी ओलांडून हर्णैस येई व तेथे बोटीची वाट पाहत बसे. पुढे पक्के रस्ते झाले, एस. टी.च्या गाड्या गावोगाव जाऊ लागल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही बोटसेवा बंद पडली. बोटी गेल्या, पण त्या प्रवासाने कोकणातील माणसांना जे शिकविले, ते आजही प्रथमच समुद्रावर जाणाऱ्याच्या उपयोगी पडणारे आहे.

हर्णैस किनाऱ्याजवळ पाणी उथळ असल्यामुळे बोट दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. प्रवाशांना पडावात बसवून तेथवर न्यावे लागे. पडाव बोटीला टेकला, तरी खरी परीक्षा पुढेच असे. लाटेबरोबर पडाव वर उचलला जाई, तेव्हा बोटीची शिडी हाताशी येई. लाट ओसरली, की तीच शिडी डोक्यावर जाई. अशा वेळी खलाशी “आता!” म्हणून इशारा देई आणि त्याच क्षणी प्रवाशाला पाऊल टाकावे लागे. पाऊल अगोदर टाकले, तरी फसगत. उशिरा टाकले, तरी फसगत. समुद्रावर आपल्या लहरीप्रमाणे चालत नाही. लाट ओळखणाऱ्या जाणत्या माणसाचे ऐकावे लागते, हा पहिला धडा प्रवाशास बोटीवर चढण्यापूर्वीच मिळत असे.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे ही किनारी वाहतूक बंद राही. पाऊस सरला, की बोटी पुन्हा सुरू होत. हिवाळ्यात समुद्र बहुधा शांत असतो. म्हणून नवख्या प्रवाशाला हा ऋतू सोयीचा. तथापि त्याला एक गोष्ट ठाऊक नसे, ती म्हणजे समुद्रावरील थंडी. किनाऱ्यावर ज्याला साध्या सदऱ्यातही उकडत असे, तोच मध्यरात्री डेकवर कुडकुडत बसे. असे का होते?

याची दोन कारणे आहेत. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते. तिच्यावरील गार हवा समुद्राकडे वाहू लागते. कोकणात या वाऱ्याला ‘मतलई वारा’ म्हणतात. दुसरे कारण बोटीची स्वतःची गती हे होय. हवा अगदी स्तब्ध असली आणि बोट ताशी दहा सागरी मैल वेगाने जात असली, तरी डेकवरील माणसाला ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर वेगाचा वारा लागतो. आपल्या शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सारखा उडवून नेतो आणि शरीराला ऊब पुन्हा पुन्हा निर्माण करावी लागते. म्हणून समुद्रावर थंडीपेक्षा वाऱ्याचा बंदोबस्त अगोदर करावा.

जुने प्रवासी हे अनुभवाने जाणत. त्यांच्या वळकटीत एक कांबळे आणि एक कानटोपी असावयाचीच. एकच जाडजूड वस्त्र घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ वस्त्रे एकावर एक घालणे अधिक चांगले. कारण प्रत्येक दोन वस्त्रांच्या मध्ये हवेचा थर अडकून राहतो आणि हवा उष्णतेला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. सर्वांत वरचे वस्त्र वारा व पाण्याचे तुषार अडविणारे असावे. कपडे भिजले, तर ते ताबडतोब बदलावेत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता हिरावून नेते; त्यामुळे ओल्या कपड्यांत बसणारा मनुष्य बेताच्या थंडीतही गारठून आजारी पडतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा बांधून ठेवणे, ही गोष्ट दिसावयास लहान. परंतु वेळप्रसंगी तिचे मोल फार.

थंडीनंतरचा दुसरा त्रास म्हणजे ‘बोट लागणे’. डोके जड होते, मळमळते आणि ओकाऱ्या सुरू होतात. हा काही भित्रेपणा नव्हे. आपल्या कानाच्या आतील भागात शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. बोट हलते, हे त्या इंद्रियाला कळते. पण खोलीत बसून पुस्तक वाचणाऱ्याचे डोळे सांगतात, की सर्व स्थिर आहे. मेंदूकडे अशा दोन परस्परविरुद्ध वार्ता पोहोचल्या, म्हणजे त्याचा गोंधळ उडतो आणि मळमळ सुरू होते. हे कारण समजले, की उपायही समजतो. बोट हलू लागताच उघड्या हवेत यावे आणि दूर क्षितिजावर दृष्टी लावावी. मग डोळे आणि कान यांचे एकमत होते.

बसण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. एका फळीला मध्यभागी आधार देऊन दोन मुले दोन टोकांना बसली, तर टोके वर-खाली जातात; मधला भाग मात्र जवळजवळ स्थिर राहतो. बोटीचेही तसेच आहे. नाळेवर आणि पिछाडीला हेलकावे फार. मध्यभागी व खालच्या मजल्यावर ते कमी. प्रवासापूर्वी पोट तुडुंब भरू नये आणि अगदी रिकामेही ठेवू नये. तेलकट पदार्थ टाळून भाकरी, पोहे यांसारखे हलके खाणे घ्यावे. आल्याची वडी जवळ ठेवावी. पाणी थोडे थोडे प्यावे. औषध घ्यावयाचे झाल्यास ते वैद्यकीय सल्ल्याने आणि बोट सुटण्यापूर्वी घ्यावे. ओकारी सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. शेजाऱ्याला बोट लागली, तर नाक मुरडू नये. त्याला पाणी द्यावे, त्याचे सामान सांभाळावे. कदाचित घटकाभराने तीच पाळी आपल्यावरही येते!

थंडी आणि मळमळ यांनी प्रवास कष्टाचा होतो. बेशिस्तीने मात्र तो प्राणघातक होऊ शकतो. याची आठवण कोकणच्या किनाऱ्यावर ‘रामदास’ बोटीच्या नावाने कायमची राहिली आहे. मुंबईहून रेवसला जाणाऱ्या बोटी बंदराच्या आसपासच्या पाण्यातून जात असल्यामुळे पावसाळ्यातही चालत. 17 जुलै 1947 रोजी सकाळी ‘रामदास’ मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. तिच्यावर सुमारे सातशे माणसे होती. हवा बिघडली, वारा व लाटा वाढल्या. लाटेच्या तडाख्याने बोट कलली, तेव्हा घाबरलेल्या प्रवाशांची एकच धावपळ उडाली. पुष्कळजण एका बाजूस लोटले गेले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी बुडाली. रेवसकडचे कोळी बांधव आपली मासळी घेऊन मुंबईकडे येत होते. त्यांनी आपल्या नौका संकटग्रस्तांकडे वळविल्या आणि अनेकांना पाण्यातून वर काढून वाचविले.

या दुर्घटनेला वादळ कारण झाले, हे खरे. परंतु तीतून प्रवाशांनी घ्यावयाचा बोधही स्पष्ट आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीचा तोल तिच्यावरील वजनाच्या मांडणीवर अवलंबून असतो. शंभर माणसे शंभर ठिकाणी बसली, तर बोट समतोल राहते. तीच शंभर माणसे एका कठड्याशी गोळा झाली, तर ती त्या बाजूस कलते. म्हणून डॉल्फिन दिसला, किनारा आला किंवा लाट उसळली, तरी सर्वांनी एका बाजूस धावू नये. क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेल्या होडीत पाऊल टाकू नये. एक फेरी चुकली, तर दुसरी मिळेल. बोट सोडण्यास तांडेलाने नकार दिला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

ज्यांना याहूनही दूरच्या आणि थंड समुद्रावर जावयाचे असते, त्यांना हेच नियम अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. अंटार्क्टिका खंडाकडे जाणारी भारताची पहिली शास्त्रीय मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली. ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून एकवीस जणांची ही तुकडी विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस गेली. दक्षिण अक्षांश 40 च्या पुढे जगातील अतिशय वादळी समुद्र लागतो; तेथे वाऱ्याला अडविणारी जमीन फारशी नाही. तो ओलांडून 9 जानेवारी 1982 रोजी भारतीय शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाऊल ठेवले. अशा जहाजावर चालताना एक हात नेहमी कठड्यावर ठेवावा लागतो. शिडी उतरताना तिच्याकडे तोंड करूनच उतरावे लागते. पेटीपासून पेल्यापर्यंत प्रत्येक वस्तू बांधून किंवा अडकवून ठेवावी लागते. नाहीतर रात्रीच्या एका हेलकाव्यासरशी ती खोलीभर फिरते.

थंड समुद्राचा मोठा धोका त्याच्या पाण्यात असतो. खारे पाणी शून्याखाली सुमारे दोन अंश तापमान होईपर्यंत गोठत नाही. अशा पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास एकदम कोंडल्यासारखा होतो आणि थोड्याच मिनिटांत हातपाय बधिर होतात. उत्तम पोहणाराही तेथे फार वेळ टिकत नाही. 15 एप्रिल 1912 रोजी पहाटे ‘टायटॅनिक’ हे प्रचंड जहाज अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळून बुडाले, तेव्हा हेच घडले. जहाजावर सुमारे बावीसशे माणसे होती. जीवरक्षक नौका मात्र त्यांपैकी जेमतेम निम्म्या माणसांपुरत्या. त्यांतही काही नौका पुऱ्या न भरताच सोडण्यात आल्या. कारण एवढे मोठे जहाज बुडेल, हे पुष्कळांना खरेच वाटेना. पंधराशेच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्यानंतर 1914 मध्ये अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन सागरी सुरक्षिततेचे नियम ठरविले.

त्या नियमांमुळेच आज मोठ्या प्रवासी जहाजावर आरंभीच सर्व प्रवाशांची कवायत घेतली जाते. जीवरक्षक जाकीट कसे घालावे, कोणत्या ठिकाणी जमावे, हे तेथे दाखविले जाते. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि त्यामागून एक लांब भोंगा, ही संकटाची खूण जगभर एकच आहे. ही कवायत म्हणजे कंटाळवाणा उपचार आहे, असे समजून जो खोलीत बसून राहतो, तो प्रसंगी स्वतःबरोबर दुसऱ्यांनाही संकटात लोटतो. अंधारात, गडबडीत, थंडीने आखडलेल्या बोटांनी जाकिटाचे बंद प्रथमच शोधावयाचे, ही कल्पनाच पाहा!

आंजर्ल्याच्या मुलाला अंटार्क्टिकाला जाण्याचा योग कदाचित पुढे येईल. पण दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान चालणाऱ्या फेरीबोटीत बसण्याचा प्रसंग केव्हाही येतो. सुट्टीत हर्णैच्या समुद्रात होडीने फेरफटका मारण्यासही पुष्कळजण जातात. अंतर थोडे असते. पाणी मात्र तेवढेच खोल असते. तेथेही जाकीट अंगावर नीट बांधावे. ते मांडीवर घेऊन बसल्याने काही उपयोग नाही. छायाचित्र काढण्यासाठी कठड्यावर चढू नये. लहानग्यांचा हात धरावा. काही तक्रार असल्यास ती किनाऱ्यावर आल्यावर सांगावी. पाण्यावर असताना तांडेलाचाच शब्द पाळावा.

कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जातात, तरी नारळी पौर्णिमेस त्याला नारळ अर्पण करून हात जोडतात. समुद्र जाणणाऱ्यांच्या या नम्रतेत मोठे शहाणपण आहे. समुद्राला भिऊन घरी बसावयाचे कारण नाही. त्याला गृहीत मात्र धरू नये. ज्याने आपली तयारी किनाऱ्यावरच केली, आणि आपण ज्या बोटीत बसलो आहोत तिच्यात इतरांचेही प्राण आहेत हे ज्याने ओळखले, त्याने सागरप्रवासाला खुशाल निघावे. पहाटेच्या मतलई वाऱ्यात सह्याद्रीमागून उगवणारा सूर्य बोटीवरून पाहण्याचे भाग्य त्याला लाभेल.

अभ्यास

1. हर्णै बंदरात बोटीवर चढताना प्रवाशाला कोणता पहिला धडा मिळत असे?
2. हवा स्तब्ध असतानाही चालत्या बोटीवर वारा का लागतो? हे स्वतःच्या सायकलीच्या अनुभवावरून समजावून सांगा.
3. ‘बोट लागणे’ म्हणजे काय? त्याचे कारण व तीन उपाय लिहा.
4. ‘रामदास’ आणि ‘टायटॅनिक’ या दोन दुर्घटनांतून प्रवाशाने कोणता बोध घ्यावा? प्रत्येकी चार-पाच वाक्यांत लिहा.
5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : नांगर टाकणे, नाक मुरडणे, हुज्जत घालणे, गृहीत धरणे.
6. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीला तिच्या जुन्या प्रवासाविषयी विचारा आणि ती माहिती दहा ओळींत लिहा.