परसातील कीटक आणि गावाची नोंदवही

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की, सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या रानात तांबडा मखमली मृगाचा किडा दिसू लागतो. शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हे. आठ पायांमुळे त्याची गणना कोळी व गोचीड यांच्या वर्गात होते. त्याच्या येण्याकडे लक्ष ठेवणारा शेतकरी मात्र खरा निरीक्षक होय. उणीव एवढीच, की तो कोणत्या तारखेस व कोठे दिसला, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही.

अशा नोंदी सामान्य नागरिकांनी ठेवण्याची प्रथा इतरत्र जुनी आहे. अमेरिकेत नाताळातील पक्षिगणना 1900 साली सुरू झाली. आपल्याकडे 2020 पासून सप्टेंबर महिन्यात फुलपाखरांच्या नोंदी केल्या जातात. तथापि त्या बव्हंशी सह्याद्री आणि मोठी शहरे यांच्याभोवती दाटलेल्या आढळतात. 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या नीलवंताची छायाचित्रे विपुल आहेत. त्यात आणखी एकाची भर पडण्यापेक्षा सोलापुरातील एखाद्या परसातील कढीपत्त्यावरच्या अळीची वर्षभराची नोंद अधिक मोलाची ठरेल.

या अळीपासूनच आरंभ करणे सोयीचे. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी, उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. तिचेच पुढे लिंबावरील काळे-पिवळे फुलपाखरू होते. रुईवर वाढणारे तांबूस फुलपाखरू मात्र फसविते. घोळीवर वाढणाऱ्या दुसऱ्या एका जातीची मादी हुबेहूब त्याच्यासारखी असते. रुईवरच्या फुलपाखराच्या मागील पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. नक्कल करणाऱ्या मादीला वरच्या कडेशी एकच. ठिपके पाहिले नसतील, तर नाव न लिहिता केवळ ‘तांबूस फुलपाखरू’ असे लिहावे. चुकीच्या नावापेक्षा अपुरे नाव बरे.

दर आठवड्यास त्याच जागी, त्याच वेळी पंधरा मिनिटे पाहणे पुरेसे आहे. तारीख, वेळ, झाड, अवस्था व संख्या लिहावी. काहीच न दिसल्यास तसे लिहिणे आवश्यक आहे. नवखे स्वयंसेवक नेमके हेच टाळतात, आणि मग कीटक खरोखर नव्हता की कोणी पाहिलेच नाही, हे पुढे उलगडत नाही.

या कामामागे केवळ हौस नाही. मूळची अमेरिकेतील लष्करी अळी मे 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर पोहोचली. डोक्यावरील इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची ओळख साध्या डोळ्यांना पटते. नेहमीच्या अळ्या ज्याच्या परिचयाच्या आहेत, त्यालाच अनोळखी अळी खटकते. अशी अळी दिसताच तिचे छायाचित्र सहायक कृषी अधिकाऱ्यास दाखविणे श्रेयस्कर.

जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थापन होणाऱ्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. झाडे व जनावरे यांच्याबरोबर तीत कीटकांचीही पाने जोडता येतील. शाळेच्या परसबागेत विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी शिक्षकांनी तपासून समितीकडे द्याव्यात. मात्र उन्हाळ्याच्या सुटीतील आठवडे कोणाकडे सोपवावयाचे, हे समितीने मार्चमध्येच ठरवून ठेवावे. अन्यथा मृगाचा किडा यंदा केव्हा आला, ही नोंदही निसटण्याचा संभव आहे.