लादीखालचे काम

प्रस्तावना

घराची दुरुस्ती हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील मोठ्या खर्चाचा प्रसंग असतो. साठवलेली पुंजी त्यात जाते, कित्येक दिवस धूळ आणि गैरसोय सोसावी लागते आणि एवढे करून हाती आलेले काम निकृष्ट निघाले, तर पुढे काय करावे हे कळत नाही. प्रस्तुत पाठात न्हाणीघराच्या नूतनीकरणाचे उदाहरण घेतले आहे. निकृष्ट काम कसे ओळखावे, त्याची नोंद कशी ठेवावी आणि त्याविषयी तक्रारपत्र कसे लिहावे, हे या पाठावरून समजेल. वाचताना बांधकामातील शब्द आणि पत्राची भाषा यांकडे विशेष लक्ष द्यावे.

मूळ पाठ

जुन्या वाड्यांत आणि कौलारू घरांत स्नानाची सोय म्हणजे मोरी किंवा परसातील न्हाणी. शहाबादी फरशीचे चार तुकडे, बसायला एक दगड आणि जवळच तांब्याचा बंब. सांडलेले पाणी भिंतीच्या भोकातून थेट केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात जाई. गवंड्याने उतार चुकवला, तर पाणी तुंबे आणि घरातले कोणीतरी खराट्याने ते लोटून देई. नुकसान झालेच, तर ते त्या घरापुरते असे. बहुमजली इमारतींनी ही स्थिती पालटली. तेथे एका घराची जमीन हेच दुसऱ्या घराचे छत असते.

अशाच एका इमारतीतील घर डोळ्यांसमोर आणावे. पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर, एक निवृत्त शिक्षिका आपल्या वृद्ध सासूबाईंसह राहतात. सासूबाईंना उंच उंबरा ओलांडवेना, म्हणून बाईंनी न्हाणीघर नव्याने करून घ्यायचे ठरविले. संस्थेची लेखी परवानगी घेतली. ओळखीच्या कंत्राटदाराने सामानासह १,४०,००० रुपये सांगितले. करार तोंडीच झाला. काम संपेपर्यंत १,२०,००० रुपये देऊन झाले होते.

नव्या लाद्या आरशासारख्या चमकत होत्या. शेजारणी येऊन पाहून गेल्या, कौतुकही झाले. मात्र दाराजवळ पाणी साचते, हे पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले. एके सकाळी सासूबाईंचा पाय तेथे सरकला. दाराची चौकट हाताशी होती म्हणून त्या सावरल्या. तिसऱ्या आठवड्यात खालच्या घरातील गृहिणी वर आल्या. "काकू, आमच्या न्हाणीच्या छताला ओल आलीये. पोपडे सुटायला लागलेत," त्या संकोचाने म्हणाल्या. बाईंनी कंत्राटदाराला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "बाई, नवीन काम आहे, थोडं पाणी मुरायचंच. महिनाभरात सगळं बसेल."

हे उत्तर अनेक घरांत ऐकू येते आणि ते खरे नसते. सिमेंटचे काम पाणी पिऊन बसत नाही. गळती सुरू झाली, की ती वाढतच जाते आणि छतातील लोखंडी सळ्या गंजू लागल्या, म्हणजे प्रश्न रंगाचा न राहता इमारतीच्या आयुष्याचा होतो.

न्हाणीघराचा कस लादीवर नसतो, लादीखाली असतो. जुन्या इमारतींत न्हाणीघराची स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेली असते. त्या खोलगट भागात विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा भराव असतो. त्याला कारागीर 'कोबा' म्हणतात. जुन्या लाद्या उखडताना हातोड्याचे किंवा यंत्राचे घाव या कोब्याला बसतात आणि पाणी अडविणारा थर दुखावतो. म्हणून नव्या लाद्या बसविण्यापूर्वी जलरोधक थर पुन्हा द्यावा लागतो. तो जमिनीवर देऊन भागत नाही. भिंतींवर किमान फूटभर चढवावा लागतो आणि सांडपाणी जेथून जाते त्या नहाणी ट्रॅपच्या कडेपर्यंत नीट भिडवावा लागतो. थर वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरतात आणि ते २४ ते ४८ तास तसेच ठेवतात. खाली ओल आली नाही, तरच लादी लावायची. या चाचणीला ना यंत्र लागते, ना मोठा खर्च. दोन दिवस थांबावे लागते, एवढेच. घाईच्या कामात नेमके हेच दोन दिवस गाळले जातात.

उताराचेही असेच आहे. २ मीटर लांबीच्या जमिनीला ट्रॅपच्या दिशेने साधारणपणे २ ते अडीच सेंटीमीटर उतार असावा. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. बादलीभर पाणी ओतून पाहावे. ते काही मिनिटांत निघून न जाता एका कोपऱ्यात थांबले, तर उतार चुकला आहे. लादीवर नाण्याने किंवा लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. भरीव आवाज आला तर ती नीट बसली. पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट सर्वत्र पसरलेले नाही. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे साध्या सिमेंटच्या पेस्टची पकड तिला चांगली येत नाही, तिच्यासाठी वेगळे चिकटद्रव्य वापरावे लागते. शिवाय झिलईची लादी ओली झाली की निसरडी होते. वयस्क माणसे असलेल्या घरात जमिनीवर ती लावणे ही कारागिराची नव्हे, निवडीची चूक. ती बाईंकडूनही झाली होती.

गळती नेमकी कोठून आहे, हे शोधणे महत्त्वाचे, कारण दोष कोणाचा हे त्यावर ठरते. नळ बंद असतानाही खाली सतत थेंब पडत असतील, तर भिंतीतील पुरवठ्याच्या नळीवर संशय घ्यावा, कारण तिच्यात पाण्याचा दाब सदैव असतो. स्नानानंतर ओल वाढत असेल आणि न्हाणी न वापरता ती ओसरत असेल, तर दोष जमिनीत किंवा सांडपाण्याच्या जोडात आहे. बाई दोन दिवस नणंदेकडे गेल्या, तेव्हा खालचे थेंब थांबले. परतल्यावर पहिल्याच स्नानानंतर ते पुन्हा सुरू झाले. संस्थेने सुचविलेल्या स्थापत्य अभियंत्याने हीच गोष्ट पाण्यात रंग मिसळून पाहिली. खालच्या छतावरील ओलीच्या कडेने त्याने पेन्सिलीने रेघ ओढली, शेजारी तारीख घातली आणि लेखी अहवाल दिला.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम. सदनिकेतील न्हाणी, शौचालय, मोरी यांतून होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची. म्हणजे खालच्या घराला बाईच उत्तरदायी होत्या आणि बाईंना कंत्राटदार. शेजारणीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाईंनी तो घातला नाही, हे बरे केले.

कंत्राटदाराविरुद्ध कायद्याचा आधार आहे का? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन पुरविलेल्या सेवेत उणीव राहिली, तर त्याला 'सेवेतील त्रुटी' म्हणतात आणि तिची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. ग्राहक जेथे राहतो, त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. मात्र 'वैयक्तिक सेवेचा करार' या कायद्यातून वगळलेला आहे. मालकाच्या सांगण्यानुसार रोजंदारीवर राबणारा गवंडी आणि संपूर्ण काम अंगावर घेणारा कंत्राटदार यांत म्हणून फरक पडतो. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर सल्ला घेता येतो. पण त्याच्याही आधीची पायरी म्हणजे पत्र. तोंडी करार सिद्ध करणे अवघड असते. बाईंकडे बँकेतून पैसे दिल्याच्या नोंदी आणि काम सुरू असतानाची छायाचित्रे होती, त्यांचाच उपयोग झाला.

बाईंनी लिहिलेले पत्र

दिनांक : १८ जून

महोदय,

विषय : न्हाणीघराच्या कामातील दोष दूर करण्याबाबत.

आपण माझ्या सदनिकेतील न्हाणीघराचे काम १० एप्रिल ते ३ मे या काळात केले. ठरलेल्या १,४०,००० रुपयांपैकी १,२०,००० रुपये मी आपणांस बँकेमार्फत दिले आहेत. कामात पुढील दोष आढळले आहेत : दाराजवळ पाणी साचते, जमिनीच्या आणि भिंतींच्या मिळून १४ लाद्या पोकळ वाजतात, ट्रॅपच्या भागातून खालच्या सदनिकेत गळती होत आहे. २४ मे रोजी गळती लक्षात आली आणि २५ मे रोजी मी आपणांस दूरध्वनीवरून कळविले. १२ जून रोजी अभियंत्याने केलेल्या पाहणीचा अहवाल व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

२५ जूनपर्यंत आपण स्वतः येऊन पाहणी करावी आणि दुरुस्तीचा दिनक्रम लेखी कळवावा. दुरुस्तीनंतर ४८ तासांची पाण्याची चाचणी माझ्या व खालच्या रहिवाशांच्या उपस्थितीत घ्यावी. चाचणी समाधानकारक झाल्यावर उरलेले २०,००० रुपये मी त्याच दिवशी देईन. आपणांकडून उत्तर न आल्यास मला दुसऱ्याकडून काम करून घेऊन त्याच्या खर्चासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.

आपली,
(सही)

पत्रात एकही कठोर विशेषण नाही. 'फसवणूक', 'बेजबाबदार' असे शब्द बाईंनी पहिल्या मसुद्यात लिहिले होते, नंतर खोडले. दोष, तारीख, रक्कम आणि मागणी एवढेच ठेवले. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठविले आणि प्रत आपल्याजवळ राखली.

कंत्राटदार सहाव्या दिवशी आला. "आधी उरलेले पैसे द्या, मग हात लावतो," असे त्याने म्हणून पाहिले. बाईंनी पत्रातील ओळ पुन्हा वाचून दाखविली. अखेर ट्रॅपभोवतालच्या लाद्या निघाल्या. जलरोधक थर ट्रॅपच्या वीतभर अलीकडेच संपला होता आणि जुन्या बिडाच्या नळाला नवी पीव्हीसी नळी नुसत्या सिमेंटने जोडली होती. त्या जोडाला तडा गेला होता. कंत्राटदार काही वेळ पाहत राहिला. जोड त्याच्या माणसाने केला होता आणि त्या दिवशी तो स्वतः दुसऱ्या कामावर होता, हे त्याने मग सांगितले.

जमीन पूर्ण उखडून पुन्हा केली, या वेळी खरखरीत लाद्या लावल्या. त्यांची किंमत बाईंनी दिली. थर दिल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवले. पेन्सिलीच्या रेघेबाहेर ओल सरकली नाही. भिंतीवरच्या दोन पोकळ लाद्या तशाच राहिल्या. त्या फोडल्या तर शेजारच्या निघतील म्हणून बाईंनी तो आग्रह सोडला. खालच्या छताच्या रंगाचे ४,५०० रुपये वजा करून उरलेले १५,५०० रुपये त्याच दिवशी दिले आणि पावती घेतली. खालच्या घरी रंग मात्र दिवाळीच्या तोंडावर लागला. छत कोरडे व्हायला तेवढे दिवस गेले.

शब्दार्थ

कोबा – विटांचे तुकडे व सिमेंट यांचा पक्का थर. बीड – ओतीव लोखंड. उपविधी – संस्थेचे नियम. पोपडे – भिंतीवरून सुटणारे रंगाचे वा गिलाव्याचे पापुद्रे. मसुदा – कच्चे लेखन.

पाठगत प्रश्न

१. 'महिनाभरात सगळं बसेल' हे कंत्राटदाराचे उत्तर का स्वीकारता येत नाही?
२. बाई दोन दिवस परगावी गेल्याने गळतीविषयी कोणती गोष्ट कळली?
३. खालच्या घरातील गृहिणीच्या भूमिकेतून बाईंना आठ ते दहा ओळींचे पत्र लिहा. नुकसानीचा तपशील द्या, दोषारोप टाळा.