पाणरेषेखालील लुकण : निवड आणि वापर

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात आणि दुरुस्तीची कामे निघतात. फायबरच्या नौकेचा तळ, किंवा काचतंतूंचे आवरण चढविलेला लाकडी तळ, खरवडला की त्यावरील खाचा, उंचवटे व जुन्या डागडुजीचे वण उघडे पडतात. लुकण भरून ते सपाट करावयाचे असतात. हे काम किरकोळ वाटते. परंतु लुकण चुकीचे असेल तर ऐन हंगामात त्याच्या खपल्या निघतात, तळ खरखरीत होतो, पाण्याचा विरोध वाढतो व डिझेल अधिक जळते. नौका पुन्हा किनाऱ्यावर येईपर्यंत हे नुकसान मालकाच्या दृष्टीसही पडत नाही.

काय टाळावे?

मोटारगाडीच्या पत्र्यासाठी मिळणारे पॉलिएस्टर लुकण स्वस्त असते व थोड्याच वेळात कडक होते, म्हणून अनेकांचा हात त्याकडे वळतो. त्यात बहुधा शंखजिऱ्याची पूड असते. सतत पाण्यात राहिल्यास ते ओलावा शोषते, फुगते व त्याची पकड सुटते. इपॉक्सीच्या थरावर तर ते नीट चिकटतही नाही. पाणरेषेखाली ते वापरू नये.

काय निवडावे?

पाणरेषेखाली इपॉक्सी लुकणच योग्य होय. तयार मिळणारे घेतल्यास ते पाण्याखालच्या वापरासाठी असल्याचा उल्लेख डब्यावर पाहावा. घरी करावयाचे असल्यास राळ व कठीणकारक उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात मोजून प्रथम नीट एकजीव करावे. मगच काचेचे पोकळ सूक्ष्म गोलक घालून मिश्रण घट्ट श्रीखंडासारखे करावे. तपकिरी फिनॉलिक गोलकांचे लुकण घासावयास सोपे असते, परंतु काचेचे गोलक पाणी कमी शोषतात. म्हणून तळासाठी तेच बरे. मिश्रण पातळ करण्यासाठी त्यात द्रावक घालू नये. उन्हाळी हवेत ते लवकर तापून घट्ट होते. तेव्हा एका वेळी थोडेच कालवावे व पसरट ताटलीत ठेवावे.

पावसाळ्यातील दक्षता

आपल्याकडे दुरुस्तीचा काळ आणि पावसाळा एकच असल्याने खरी अडचण ओलाव्याची आहे. तळ गोड्या पाण्याने धुऊन त्यावरील मीठ काढावे, वर आडोसा करावा व तळ पूर्ण सुकू द्यावा. जुना पृष्ठभाग खरखरीत कागदाने घासून घ्यावा. खोल खाच एकदम न भरता पातळ थरांनी भरावी. दमट हवेत कडक झालेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी पाण्याने पुसावा, नंतरच घासावे. नुसते घासल्यास तो आत दबतो व वरचा थर सुटतो. घासताना लांब, लवचीक फळीला कागद लावल्यास उंचसखलपणा चटकन कळतो. शेवटी साध्या इपॉक्सीचे दोन-तीन हात देऊन लुकण पूर्ण झाकावे व त्यावर प्राथमिक रंग आणि शेवाळ-शिंपले रोखणारा रंग लावावा. काम करताना हातमोजे व तोंडावर मुखपट्टी आवश्यक आहे.

लुकणाची मर्यादा

लुकण पृष्ठभाग सपाट करते; ते बळ देत नाही. तडा किंवा भोक असल्यास आधी काचतंतूंच्या कापडाने दुरुस्ती करावी. आवरण नसलेल्या लाकडी नौकेच्या फळ्या पाण्यात फुगतात. त्यांच्या सांध्यांत कडक इपॉक्सी भरल्यास ते फुटते. तेथे तेलात भिजविलेला कापूस ठासण्याची जुनी रीतच उपयोगी.

मच्छीमार सहकारी संस्थांनी हंगामापूर्वी एखाद्या नौकेवर या पद्धतीचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. किनाऱ्यावरील गावांच्या पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी त्यात पुढाकार घेतल्यास ही माहिती प्रत्येक नौकामालकापर्यंत पोहोचेल. लुकणावर वाचविलेले थोडे पैसे पुढे डिझेलवर आणि दुसऱ्या दुरुस्तीवर खर्च होतात, हे सर्वांनीच ध्यानी घ्यावे.