गोष्ट संपते तिथून पुढे

परीकथेचा शेवट आपल्याला पाठ असतो : राक्षस मेला, राजपुत्र भेटला, सगळे सुखाने नांदू लागले. पण त्या राक्षसाला बायको असेल तर? हा प्रश्न ‘इन्टू द वूड्स’ या अमेरिकन संगीत नाटकाने विचारला. गीते व संगीत स्टीफन सॉन्डहाइम यांचे, संहिता जेम्स लपाइन यांची. १९८७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. २०१४ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

एका पाववाल्याला मूल नाही. शाप उतरवण्यासाठी चेटकीण चार वस्तू मागते : पांढरी गाय, लाल झगा, पिवळे केस, सोनेरी बूट. मुदत तिसऱ्या मध्यरात्रीपर्यंत. घाईत तो जॅकला साध्याच समजलेल्या बिया ‘जादूच्या’ म्हणून देतो आणि गाय घेतो. बियांचा वेल आभाळाला भिडतो. जॅक वर जाऊन चोरी करतो. पुढे लाल टोपीवालीने डिवचल्यावर पुन्हा चढतो. अखेर वेल तोडतो, राक्षस पडून मरतो. पहिला अंक आनंदात संपतो.

दुसऱ्या अंकात राक्षसाची बायको सूड घ्यायला उतरते. घरे चिरडली जातात, माणसे मरतात. तेव्हा उरलेले काय करतात? ‘चूक तुझी!’ म्हणून एकमेकांवर तुटून पडतात. आपल्या संगीत नाटकात पद रंगते, रेंगाळते. इथे गाणे म्हणजेच भांडण. एकाचे वाक्य संपते न संपते तोच दुसरा ते उचलतो. गंमत अशी, की प्रत्येकाचा आरोप थोडा थोडा खरा आहे. तरी त्याने राक्षसीण एक पाऊलही मागे हटत नाही.

पाववाला तर पळूनच जातो, पण परततो. मग चौघे कामे वाटून घेतात : जमिनीवर डांबर, सिंड्रेलाचे पक्षी, झाडावरून वार. राक्षसीण मारली जाते. पण त्याआधी लाल टोपीवाली विचारते, तीही जीवच ना? तो प्रश्न विजयानंतरही उरतो.

कॅडेटांनी यातून एक क्रम शिकावा. चुकीची चौकशी व्हायलाच हवी; पण संकट दारात असताना आधी आपापली जागा धरावी. आणि चौकशीला बसल्यावर आपल्या वाट्याची बी आपण आधी दाखवावी.

शेवटी पाववाला बाळाला मांडीवर घेऊन हीच गोष्ट सांगू लागतो, पहिल्यापासून.